भाऊजींच्या गाडीचा डावा कोपरा

ग्रंथपालांच्या टेबलावर एक पाटी होती: 'पुस्तक नेताना पाहून न्यावे, आणताना दाखवून आणावे.' ही पाटी त्यांनी हौसेने करून घेतली होती आणि तिच्या आधारावर त्यांनी भल्याभल्यांना रडवलं होतं. पुस्तक देताना ते पान न् पान उलटत, कुठे चहाचा डाग, कुठे दुमडलेला कोपरा, असं सगळं शिसपेन्सिलीने टिपून ठेवत आणि परत घेताना तेवढेच डाग आहेत ना हे मोजत. एका प्राध्यापकांच्या पुस्तकात एक डाग कमी निघाला, तर पुस्तक बदललं असा संशय घेऊन त्यांनी प्राध्यापकांना उन्हात उभं केलं होतं. असा हा माणूस दुसऱ्याची अख्खी मोटार घेऊन आला आणि नेताना तिच्याभोवती एक चक्करसुद्धा मारली नाही. सगळा घोळ इथे झाला.

पण त्यांचंही बरोबर होतं. गाडी ताईच्या यजमानांची, म्हणजे भाऊजींची होती. भाऊजी बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि कुणाला साधी छत्री देत नसत. त्यांच्या गाडीत बसण्याआधी बूट एकमेकांवर आपटून झाडावे लागत. दार 'लावायचं' असे, 'आपटायचं' नसे, आणि दोन्हींतला फरक भाऊजी पाहुण्यांना प्रात्यक्षिकासह समजावून सांगत. डॅशबोर्ड पुसायला एक पिवळं फडकं होतं. त्या फडक्याला घरात मुलापेक्षा जास्त मान होता, म्हणूनच बहुधा मुलगा नोकरीसाठी लांब जाऊन राहिला. अशा भाऊजींचा एके दिवशी फोन आला, "आम्ही दोघं तीन आठवडे मुलाकडे चाललोय. गाडी नुसती उभी राहिली तर बॅटरी बसेल. तू ने. चालव."

ग्रंथपालांनी फोन दोन्ही हातांनी धरला. इतकी वर्षं भाऊजी त्यांची ओळख 'हा आमचा मेहुणा, पुस्तकं सांभाळतो' अशी करून देत आले होते, आणि 'पुस्तकं' म्हणताना त्यांचा आवाज 'म्हशी' म्हणावं तसा लागे. त्या माणसाने आज आपला जीव की प्राण आपल्या हातात दिला, ह्याचं त्यांना मनापासून अप्रूप वाटलं.

"एवढे उदार कधीपासून झाले?" बायकोने विचारलं.

"तुला माणसातलं चांगलं कधी दिसतच नाही," ग्रंथपाल म्हणाले.

दोघं संध्याकाळी गाडी आणायला गेले तेव्हा दिवेलागण झाली होती. भाऊजींनी गाडी स्वतः फाटकाबाहेर काढून रस्त्याच्या कडेला, कुंपणाला अगदी खेटून लावून ठेवली होती. त्यांनी किल्ली दिली, पाठीवर हात ठेवला आणि "जा, उशीर करू नकोस" म्हणाले. पाठीवर हात पडल्यावर गाडीभोवती फिरून तपासणी करणं ग्रंथपालांना कृतघ्नपणाचं वाटलं.

घरापर्यंतचा प्रवास त्यांनी ज्या वेगाने केला त्याला वेग म्हणणं धाडसाचं होईल. एक आजोबा फिरायला निघाले होते, ते बराच वेळ सोबत होते. अखेर गाडी इमारतीत शिरली. ग्रंथपालांच्या वाट्याची पार्किंगची जागा एका भिंतीच्या आणि एका पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या खांबाच्या मधे होती आणि आजवर तिथे त्यांची स्कूटर राहत असे. त्यांनी श्वास रोखला, बायकोने डोळे मिटले, कोपऱ्यातल्या वॉचमनने उठून जागा करून दिली, आणि नेमक्या त्याच वेळी खर्रर्र असा लांबलचक आवाज झाला.

ग्रंथपाल खाली उतरले. पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर वीतभर ओरखडा होता. खांब चांगला चार बोटं लांब होता, पण गाडी लागून मागे आली असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. संकट कोसळल्यावर भूमिती कोण बघतो.

"ताईंना फोन करून सांगून टाका," बायको म्हणाली.

"वेडी आहेस का? पहिल्यांदा विश्वास टाकलाय त्या माणसाने."

मुद्दा एवढाच होता. गाडी काय, रंगवता येते. पण 'पुस्तकंच सांभाळ बाबा तू' हे वाक्य भाऊजी उरलेला जन्म प्रत्येक लग्नकार्यात ऐकवतील, हे ग्रंथपालांना दिसत होतं. ते परत येण्याआधी ओरखडा असा नाहीसा झाला पाहिजे, की तो कधी नव्हताच.

इमारतीत गुप्तता राखायची म्हणून त्यांनी सकाळी बंपरवर पायपुसणं टाकलं. गाडीच्या नाकावर पायपुसणं पाहून जो तो थांबू लागला. सर्वांत आधी वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर आले. इमारत बांधताना देखरेखीला तेच होते. त्यांनी पायपुसणं उचललं, ओरखडा पाहिला, मग खांबाकडे वळले आणि त्याच्यावरून हळुवार हात फिरवला.

"बघा," ते म्हणाले, "गाडीची ही अवस्था, पण खांबाला साधी रेघ नाही. पट्ट्याचा रंगही निघाला नाही. ह्याला म्हणतात काम."

ग्रंथपालांनी खांबाचं अभिनंदन केलं. मग इंजिनियरांनी उपाय सांगितले. पहिला, उकळतं पाणी ओतायचं. हा पोचा आलेल्या बंपरवरचा उपाय होता, पण त्यांना तोच येत होता. दुसरा, टूथपेस्ट. तिसरा उपाय सांगताना त्यांनी आवाज खाली आणला. उजव्या कोपऱ्यालाही मोजून तेवढाच ओरखडा काढायचा. "एका बाजूला असला की अपघात, दोन्ही बाजूंना असला की डिझाइन," ते म्हणाले. ग्रंथपाल क्षणभर खरोखरच विचारात पडले, ह्यावरून त्यांच्या मनाची स्थिती ध्यानात यावी.

टूथपेस्टचं नाव निघाल्याबरोबर तळमजल्यावर दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. टूथपेस्टचा असा वापर त्यांना आवडला नाही. त्यांनी खिशातून बारीक टॉर्च काढली, बंपरसमोर उकिडव्या बसल्या आणि नखाने ओरखडा खरवडला.

"हे हिरवट काय आहे?" त्यांनी विचारलं. "कालचं म्हणता? मला जुनं वाटतंय. बऱ्याच दिवसांचं दुर्लक्ष आहे."

"अहो, काल संध्याकाळीच झालंय. माझ्यासमोर."

"सगळे पेशंट असंच सांगतात," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

ग्रंथपालांना हा अपमान वाटला. दुपारी रजा टाकून ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे इतकं थंड होतं की गाड्या ताज्या राहाव्यात म्हणून ठेवल्यात की काय असं वाटे. काउंटरवरच्या मुलीने हसून स्वागत केलं, पाणी दिलं आणि गाडी बघण्याआधीच सांगितलं, "सर, नंतर एक फोन येईल. दहापैकी दहा द्यायचे." मग तिने गाडीचा नंबर टाकला.

"सर, ओटीपी सांगा."

"माझ्या फोनवर काही आलं नाही."

"तो मालकांच्या मोबाईलवर गेला असेल, सर. आता गेलाच."

ग्रंथपालांनी पाण्याचा ग्लास उचलला. तो तोंडाला लागायच्या आत खिशातला फोन वाजला. भाऊजी होते.

"सर्व्हिस सेंटरचा मेसेज आलाय मला. काही झालं का रे?"

"नाही हो, भाऊजी. चाकांतली हवा बघायला आलो होतो."

"हवा बघायला ओटीपी लागतो?"

"हल्ली लागतो."

"हे बघ," भाऊजींचा आवाज एकदम मऊ झाला, "कुठे लागलं-बिगलं असेल तर मोकळेपणाने सांग. मी एका शब्दाने बोलणार नाही. असू दे, माणसाकडूनच चुका होतात."

"काहीच झालेलं नाही, भाऊजी."

"काहीच नाही?"

"काही म्हणजे काही नाही."

"नीट बघितलंस ना? पुढून वगैरे?"

"अगदी नीट."

"बरं," भाऊजी म्हणाले. आवाजावरून ते खट्टू झाल्यासारखे वाटले, पण ग्रंथपालांनी त्याचा अर्थ प्रवासाचा शीण असा लावला. उलट भाऊजींचं मन इतकं मोठं आहे हे कळल्यावर खरं सांगणं आणखीच अवघड झालं. मालकाशिवाय काम होणार नाही म्हटल्यावर ते गाडी घेऊन परतले. नंतर तो फोन आलाच. न झालेल्या कामाला त्यांनी दहापैकी दहा दिले, कारण नाही म्हणायचा त्यांचा स्वभाव नव्हता. तो फक्त वाचनालयात होता.

उरला रस्त्याकडेचा पेंटर. एका झाडाखाली त्याचं दुकान होतं, आणि कुठल्याही प्रश्नावर त्याचं उत्तर होतं, "होऊन जाईल." रंग तंतोतंत जुळेल का, होऊन जाईल. आठवड्यात मिळेल का, होऊन जाईल. काय होऊन जाईल हे तो कधीच सांगत नसे. त्याने कोपरा घासला, रंग मारला आणि "वाळला की बसेल" म्हणाला. रंग वाळला आणि बसला नाही. गाडी पांढरी होती हे खरं, पण हा कोपरा जास्त पांढरा होता. पूर्वी जवळ गेल्यावर ओरखडा दिसे, आता चौकातून दुरुस्ती दिसत होती.

"पांढरा म्हणजे पांढराच ना?" ग्रंथपाल म्हणाले.

"पांढऱ्यातही भाऊबंदकी असते, साहेब," पेंटर म्हणाला. "होऊन जाईल."

ही हकीकत इमारतीत पोचली आणि डॉक्टरीणबाईंमधला व्यवसाय जागा झाला. पांढऱ्याच्या छटा जुळवणं हा त्यांच्या हातचा मळ होता. दुसऱ्या दिवशी त्या नमुन्याच्या दातांची पट्टी घेऊन ग्रंथपालांबरोबर त्या झाडाखाली हजर झाल्या. त्यांनी एकेक दात बोनेटला लावून पाहिला. रस्त्यावरची माणसं थांबली. गाडीला दात बसवतायत असं समजून एका बाईंनी मुलाला कडेवर उचलून दाखवलं.

"बाकीची गाडी ए-टू आहे, हा कोपरा बी-वन आहे," बाईंनी निदान केलं. पेंटर तोंड उघडं टाकून ऐकत होता. इथे त्याची चूक झाली, कारण बाईंनी टॉर्च सरळ त्याच्या तोंडात मारली. "ही दाढ किती दिवस अशी आहे? उद्या या दवाखान्यात."

"होऊन जाईल," पेंटर सवयीने म्हणाला. तो गेला आणि बाईंनी दाढ काढली.

त्यानंतर पेंटर गाल सुजवून घरी बसला. गाडी झाडाखाली, बंपर उतरवलेल्या अवस्थेत, बोळक्या तोंडाने उभी होती. ग्रंथपाल रोज वाचनालयातून सुटले की तिच्याकडे जात, थोडा वेळ उभे राहत आणि घरी येऊन जेवत नसत. भाऊजींचे फोन चालूच होते. "गाडी बरी आहे ना?" "मजेत आहे." "पुढून?" "पुढूनही मजेत आहे." बायको हे ऐके आणि भांडी जरा जोरात ठेवी.

"एवढं पुढून-पुढून काय करतात ते?" तिने एकदा विचारलं.

"काळजी आहे त्यांना," ग्रंथपाल म्हणाले.

भाऊजींच्या परतीचा दिवस तोंडावर आला तेव्हा पेंटरची सूज उतरली. आता अर्धवट रंगात अर्थ नाही म्हणून त्याने पुढचा बंपर सगळाच रंगवला. तो इतका झळाळला की बोनेट मळकं दिसू लागलं. बोनेट केलं तर दारं पिवळी वाटू लागली. दारं केल्यावर पुढची गाडी नवीन आणि मागची वडिलोपार्जित असं झालं. इंजिनियर येऊन "आता मागे फिरू नका" असं सांगून गेले. शेवटी मागचा बंपर, छत, चाकांच्या टोप्या, आरशांच्या पाठी, सगळं काही झालं. वीतभर ओरखड्यापायी अख्खी गाडी कोरी करकरीत होऊन निघाली. ग्रंथपालांनी उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जायचं ठरवलं होतं, ते मनातल्या मनात रद्द केलं. बायकोने ते न सांगता ओळखलं आणि काढून ठेवलेली बॅग परत माळ्यावर टाकली, ही गोष्ट त्यांना सर्वांत जास्त लागली.

ताई-भाऊजी आले त्या सकाळी ग्रंथपाल बायकोला घेऊन गाडी परत द्यायला निघाले. ऊन चांगलं पडलं होतं. भाऊजी घराबाहेर येऊन थांबलेच होते. त्यांच्या चेहऱ्यावर मोठ्या मनाच्या माणसाचे भाव होते आणि हात पाठीवर ठेवण्याच्या तयारीत किंचित वर उचललेला होता. ग्रंथपाल नमस्कार करताहेत तोवर ते "असू दे, असू दे" म्हणत सरळ गाडीच्या डाव्या कोपऱ्याशी जाऊन वाकलेसुद्धा.

वाकले ते वाकलेलेच राहिले. बोटाने चाचपलं. चष्मा काढला, पुसला, लावला. उजव्या कोपऱ्याशी जाऊन आले. पुन्हा डाव्याशी वाकले.

"हे काय?" ते म्हणाले.

"बंपर," ग्रंथपाल म्हणाले.

"असा नव्हता हा."

"मग कसा होता, भाऊजी?"

भाऊजींनी पुन्हा चष्मा काढला आणि ते तो पुसू लागले. आणि मग भाऊजींच्या खांद्यावरून ग्रंथपालांची नजर मागच्या फाटकावर गेली. फाटक हिरवं होतं. त्याच्या खालच्या पट्टीवर, बंपरच्या उंचीवर, पांढऱ्या रंगाची वीतभर रेघ होती.

ग्रंथपाल डाग ओळखण्यात आयुष्य घालवलेला माणूस होता. पाठीवरचा तो हात, फाटकाबाहेर काढून कुंपणाला खेटून लावलेली गाडी, ते 'पुढून, पुढून', सगळं त्यांना एका दमात वाचता आलं. भाऊजींनी गाडी आपल्याच फाटकाला घासली होती. ताईच्या तावडीतून सुटायला त्यांना एक मेहुणा हवा होता. ओरखडा सापडला असता तर ह्याच हाताने पाठ थोपटून, सगळ्यांसमक्ष क्षमा करून ते मोठे झाले असते. गेलेल्या पैशांचं ग्रंथपालांना त्या क्षणी काही वाटलं नाही. वाईट ह्याचं वाटलं, की किल्ली हातात पडली तेव्हा आपण खरोखरच खूष झालो होतो. घरी जाताना बायकोला दोनदा म्हणालोही होतो, बघ, शेवटी माणूस ओळखतो माणसाला.

एवढ्यात ताई बाहेर आली. "अगबाई, केवढी चमकतेय. आणि हे काय सारखे वाकतायत? तिकडे रोज माझं डोकं खाल्लंय ह्यांनी. तुझा भाऊ गाडी कुठेतरी घासून आणणार बघ, घासून आणणार बघ."

भाऊजींनी ग्रंथपालांकडे पाहिलं. ती नजर ग्रंथपालांच्या ओळखीची होती. दंड माफ करा म्हणून पाटीखाली उभे राहणारे लोक असेच बघतात. एका वाक्यात हिशेब चुकता झाला असता. वाक्य ओठांवर आलंही होतं.

"चूक माझीच आहे, भाऊजी," ग्रंथपाल म्हणाले. "नेताना पाहून न्यायला हवी होती."

"काय पाहून?" ताईने विचारलं.

"काही नाही, ताई." मग ग्रंथपालांनी पुढे होऊन भाऊजींच्या पाठीवर हात ठेवला. "असू द्या. माणसाकडूनच चुका होतात."

प्रसंग इथे सभ्यपणे मिटला असता, पण थंड हवेचं ठिकाण एकट्या ग्रंथपालांचं रद्द झालेलं नव्हतं. त्यांची बायको इतका वेळ फाटकाकडेच बघत उभी होती.

"ताई," ती गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या फाटकाला हा पांढरा रंग कुणी हो लावला?"

ताईने फाटक पाहिलं. मग बंपर पाहिला. मग नवऱ्याला पाहिलं, आणि तिथे नजर बराच वेळ ठेवली. गाडीचं दार उघडून तिने आतलं पिवळं फडकं काढलं आणि ते भाऊजींच्या हातात दिलं.

"आधी फाटक पुसा," ती म्हणाली. "मग आत या. रंगाचा सगळा खर्च ह्याला देऊन टाका, आणि गाडीची दुसरी किल्लीही. त्याच्याकडेच राहू दे. निदान त्याच्या हातून काही घासलं जात नाही." दार तिने लावलं नाही, आपटलं. भाऊजी खाली बसून फाटक पुसू लागले.

ग्रंथपाल आणि बायको पायीच घरी निघाले. खिशात किल्ली होती, थंड हवेचं ठिकाण परत आलं होतं आणि ग्रंथपालांची छाती जरा पुढे आली होती. ताईचं शेवटचं वाक्य ते पुन्हा पुन्हा मनात घोळवत होते. आपण घासलीच नव्हती. आपल्या हाताला दोष नव्हता. मग एकाएकी त्यांच्या मनात आलं, तो आवाज कसला होता?

इमारतीच्या दारात शिरताना वॉचमनने त्यांना पाहिलं आणि तो लोखंडी खुर्ची मागे सारून उठला. खर्रर्र.

दोघं जागच्या जागी थांबले. बायकोने तोंडाला पदर लावला.

"काका," ग्रंथपालांनी विचारलं, "मी गाडी लावत होतो त्या संध्याकाळीही तुम्ही असेच खुर्ची ओढून उठला होतात का?"

"उठलो होतो ना, साहेब."

"का बरं?"

वॉचमन जरा संकोचला. "तुम्ही स्कूटर लावता तेव्हा मी नुसता उठून बाजूला होतो," तो म्हणाला. "त्या दिवशी मोटार होती, म्हणून खुर्चीपण घेतली."